स्कॅन काय सांगतो आणि काय सांगत नाही: मशीनमध्ये किंवा ‘ब्रेन रिपोर्ट’च्या फ्रँचायझीत पैसे घालण्याआधी



खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यात धंदा शोधणाऱ्या तरुणांचे दोन प्रश्न हमखास असतात. पहिला: “सर, इथे सीटी स्कॅन सेंटर टाकलं तर चालेल का?” दुसरा: “मुलांच्या मेंदूचा रिपोर्ट काढून देणारी एक फ्रँचायझी मिळतेय, घेऊ का?” वरवर पाहिलं तर दोन्ही धंदे एकाच जातीचे वाटतात. दोन्हीकडे मशीन आहे, मेंदूचं रंगीत चित्र आहे, छापील रिपोर्ट आहे. पण एक धंदा माणसाचा जीव वाचवू शकतो आणि दुसरा तुमच्या आईने मोडून दिलेल्या एफडीचे पैसे आणि गावातलं नाव, दोन्ही घालवू शकतो.

हा फरक ओळखायचा कसा? त्यासाठी डॉक्टर व्हायची गरज नाही. एकच गोष्ट पक्की समजून घ्यायची: प्रत्येक स्कॅन एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतो. त्याला जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचं उत्तर कुणी त्याच्या नावावर विकत असेल तर तिथे थांबायचं. आज आपण हेच बघू, आणि शेवटी धंद्याचा हिशोबही मांडू.

पाच मशीन, पाच वेगळे प्रश्न

एक्स-रे. जर्मनीतल्या रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ ला हे किरण सापडले. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं, आणि शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. एक्स-रेला विचारायचा प्रश्न असा: हाड मोडलंय का, छातीत टीबीचा किंवा न्यूमोनियाचा डाग दिसतोय का? हाडातून किरण कमी जातात म्हणून ते पांढरं दिसतं, हवेतून आरपार जातात म्हणून फुप्फुस काळं दिसतं. मेंदू मात्र कवटीच्या आत असल्यामुळे साध्या एक्स-रेत जवळजवळ काहीच कळत नाही.

सोनोग्राफी. यात किरण नाहीत, आवाजाच्या लहरी आहेत, आपल्या कानाला ऐकू येत नाहीत इतक्या उच्च. लहर आत जाते, आपटून परत येते आणि त्या प्रतिध्वनीवरून चित्र बनतं. पोटातलं बाळ, पित्ताशयातले खडे, किडनीची सूज यासाठी हे मशीन. हाड आणि हवा आली की लहर अडते, म्हणून मोठ्या माणसाचा मेंदू सोनोग्राफीत नीट दिसत नाही.

सीटी स्कॅन. एक्स-रेच, पण शरीराभोवती फिरवून घेतलेला. कॉम्प्युटर ते सगळे फोटो जोडून ब्रेडच्या स्लाइससारखे काप दाखवतो. पहिल्या रुग्णाचा स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये झाला. मशीन बनवणारे इंजिनिअर होते गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि त्यांची कंपनी होती ईएमआय, म्हणजे बीटल्सच्या गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी! सीटी काही सेकंदांत ते मिनिटांत होतो, ताजं रक्त लगेच दाखवतो. यात किरणांचा डोस आहे. डोक्याच्या एका सीटीला साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी जेवढा डोस मिळतो (सुमारे २.४) त्याच्या जवळपास. गरज असेल तेव्हा हा धोका किरकोळ आहे. पण ‘करून बघू एकदा’ म्हणून काढायची ही गोष्ट नाही.

एमआरआय. यात एक्स-रे नाहीत. प्रचंड चुंबक आणि रेडिओ लहरी. आपल्या शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन. चुंबक त्या हायड्रोजनच्या कणांना एका दिशेत आणतो, रेडिओ लहर त्यांना हलवते, आणि ते जागेवर येताना जो सिग्नल देतात त्यातून चित्र बनतं. नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकापेक्षा साधारण ३०,००० पट ताकदीचं. मेंदूतली गाठ, मणक्यातली दबलेली नस, गुडघ्याचा लिगामेंट यासाठी एमआरआय भारी. वेळ मात्र वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत लागतो आणि पेशंटने स्थिर पडून राहावं लागतं.

पेट स्कॅन. वरची चार मशीन रचना दाखवतात, पेट काम दाखवतं. साखरेच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून ते शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या चमकतात. कॅन्सरच्या गाठी सहसा खादाड असतात, म्हणून तो कुठे पसरलाय हे कळतं. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅन २००२ मध्ये आपल्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. धंद्याच्या नजरेने बघा: या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. साठा करून ठेवता येत नाही. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी बोरघाटात दोन तास अडकली की निम्म्याहून जास्त माल हवेत गेला! ज्या धंद्यात कच्चा माल घड्याळावर चालतो, तिथे जागा निवडणं हाच अर्धा धंदा असतो.

बोरघाट, कारखाना आणि पहिला तास

आता आपल्या गावाकडे या. खोपोलीच्या डोक्यावर बोरघाट आणि एक्स्प्रेसवे, आजूबाजूला कारखाने, उंचीवर चढून काम करणारे कामगार. डोक्याला मार लागणं ही इथली रोजची शक्यता.

डोक्याच्या दुखापतीत एक फसवी गोष्ट असते. माणूस पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, पाणी पितो, बोलतो. सगळे म्हणतात, “काही नाही, वाचला!” आणि दोन-चार तासांनी तो पुन्हा बेशुद्ध पडतो. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत गेलेलं असतं आणि ते मेंदूला दाबत असतं. वेळेत सीटी झाला, रक्त दिसलं आणि ऑपरेशन झालं, तर हाच माणूस चालत घरी जाऊ शकतो. म्हणून डोक्याला मार लागून माणूस थोडा वेळ जरी बेशुद्ध झाला, उलट्या झाल्या, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला किंवा गुंगी वाढत गेली, तर “बरा वाटतोय” यावर विसंबायचं नाही. थेट हॉस्पिटल.

दुसरं उदाहरण लकव्याचं. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालीय की फुटलीय, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण वाहिनी फुटलेली असेल आणि तेच औषध दिलं, तर जीव जाऊ शकतो. दोन्हीत फरक करतो तो काही मिनिटांचा सीटी.

बघा, इथे स्कॅनची किंमत कशात आहे? चित्र सुंदर येतं म्हणून नाही, तर चित्र बघितल्यावर डॉक्टरचा पुढचा निर्णय बदलतो म्हणून. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पुढे फ्रँचायझी तपासताना हीच पट्टी लावायची आहे.

मग मनाचं काय? डिप्रेशन स्कॅनमध्ये दिसतं का?

स्पष्ट उत्तर: नाही. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, चिंतेचा आजार, मुलांमधला अतिचंचलपणा यांचं निदान आजही मानसोपचारतज्ज्ञ बोलून, लक्षणं विचारून, घरच्यांकडून माहिती घेऊनच करतात. तरीही ते कधी कधी एमआरआय करायला सांगतात. का? तर दुसरं काही नाही ना, हे बघायला. वागणं अचानक बदललं त्यामागे मेंदूत गाठ आहे का, फिट्स येताहेत त्यामागे जुनी जखम आहे का, विसरभोळेपणामागे मेंदूचा एखादा भाग आकसलाय का. इथेही तेच: प्रश्न ठरलेला आहे.

मानसशास्त्राच्या संशोधनात मात्र स्कॅन खूप वापरतात. लंडनमध्ये टॅक्सीचं लायसन्स मिळवायला शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २००० मध्ये एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचे एमआरआय घेतले. रस्त्यांची आठवण ठेवण्याशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाची मागची बाजू इतर लोकांपेक्षा त्यांच्यात सरासरीने मोठी निघाली, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका फरक जास्त. पुढच्या अभ्यासात शिकायच्या आधीचे आणि नंतरचे स्कॅन घेऊन तपासलं, तेव्हा रस्ते शिकून परीक्षा पास झालेल्यांच्या मेंदूत बदल दिसला. म्हणजे मोठ्या वयातही शिकण्याने मेंदू बदलतो. चाळिशीत धंदा शिकायला निघालेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे ही!

पण शब्द नीट वाचा: सरासरीने. हा गटाचा निष्कर्ष आहे. एका माणसाचा स्कॅन बघून “हा चांगला ड्रायव्हर होईल” असं कुणीही सांगू शकत नाही. गटाच्या सरासरीवरून एका मुलाचं भविष्य सांगणं, ही सगळ्या गडबडीची सुरुवात.

आणखी एक प्रकार आहे, फंक्शनल एमआरआय. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून मेंदूचा कुठला भाग जास्त कामात आहे याचा अंदाज घेता येतो. बातम्यांमध्ये लाल-पिवळे ठिपके असलेले मेंदू दिसतात ते याचे. याचा डॉक्टरी उपयोग खरा आहे. गाठ काढण्याआधी बोलण्याचा आणि हात हलवण्याचा भाग कुठे आहे हे बघतात, म्हणजे सर्जन तिथे जपून काम करतो.

पण त्या रंगांवर किती विश्वास ठेवायचा? २००९ मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी गंमतशीर प्रयोग मांडला. त्यांनी एक अख्खा सॅल्मन मासा मशीनमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले, या माणसाच्या मनात कोणती भावना आहे ते ओळख म्हणून. हिशोब केल्यावर माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. मासा मेलेला होता! झालं काय, तर स्कॅनमध्ये हजारो ठिपके एकेक करून तपासले जातात. इतक्या वेळा नाणं उडवलं की काही ठिकाणी योगायोगाने सलग छापा येणारच. तो योगायोग वजा करणारी आकडेमोड केली की ठिपके गायब. त्यांना मशीन खोटं ठरवायचं नव्हतं, हिशोबातला आळस दाखवायचा होता. २०१२ मध्ये या प्रयोगाला इग्नोबेल मिळालं. हे बक्षीस लोकांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

पुण्याच्या कोर्टातला मेंदू

ही गोष्ट फक्त परदेशातली समजू नका. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या खून खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली. पुराव्यात मुंबईच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये झालेली मेंदूची एक चाचणी होती. आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावलेली टोपी घालतात, तिला काही बोलायला सांगत नाहीत. फक्त गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवतात आणि मेंदूच्या विजेच्या लहरी नोंदवतात. त्या लहरींवरून ‘हा अनुभव या व्यक्तीने स्वतः घेतला आहे’ असं कॉम्प्युटर सांगतो, हा दावा. हा काही फोटो काढणारा स्कॅन नव्हता, ईईजीच्या जातीची चाचणी होती. पण कल्पना तीच: मशीनला मनातलं वाचता येतं.

या निकालाची जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या नेतृत्वाखालच्या तज्ज्ञ समितीने या चाचणीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असं मत दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने पुढे त्या तरुणीला जामीन दिला. आणि ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूच्या अशा चाचण्या कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाहीत.

ती तरुणी दोषी की निर्दोष, हा आपला विषय नाही. आपला विषय हा की ईईजी फिट्सच्या आजारात उत्तम काम करतं, तिथे त्याला योग्य प्रश्न विचारलेला असतो. तेच तंत्र ‘खून केलास का?’ या प्रश्नाला लावलं आणि एका माणसाची जन्मठेप त्याच्यावर टेकली. शिकलेले लोक, कोर्ट, लॅब, तरीसुद्धा हे झालं. मग मुलाच्या दहावीची चिंता करणाऱ्या पालकाची काय कथा?

आता त्या फ्रँचायझीकडे

ब्रोशरवर मेंदूचं रंगीत चित्र. डावा भाग, उजवा भाग, टक्केवारी. मूल इंजिनिअर होईल की कलाकार, सगळं लिहिलेलं. आणि हे सगळं कशावरून? दहा बोटांच्या ठशांवरून. डीएमआयटी म्हणतात त्याला. चित्र मेंदूचं असलं तरी मेंदू कुणी बघितलेलाच नसतो! स्कॅन नाही, ईईजीसुद्धा नाही.

बोटांचे ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि आयुष्यभर तेच राहतात. मेंदू तर शिकण्याने बदलतो, टॅक्सीवाल्यांचं आत्ताच वाचलंत. न बदलणाऱ्या ठशावरून बदलणाऱ्या मेंदूचं भविष्य कसं निघेल? हॉवर्ड गार्डनर यांचं १९८३ चं बहुविध बुद्धिमत्तेचं नाव या रिपोर्टमध्ये वापरतात, पण गार्डनर यांच्या सिद्धांतात बोटांच्या ठशांचा संबंधच नाही. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलेलं आहे.

आता धंदेवाईक म्हणून विचार करा. कंपनी दुसऱ्या शहरात, रिपोर्ट तिथून छापून येणार. दुकान तुमचं, बोर्डावर नाव तुमचं, पालक ओळखीचे. रिपोर्ट वाचून एखाद्या मावशीने मुलीला सायन्स सोडायला लावलं आणि दोन वर्षांनी पस्तावली, तर ती त्या शहरात जाणार नाही. ती तुमच्या दारात येणार. पैसे कंपनीला, शिव्या खोपोलीत. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात तुम्ही छापली तर जबाबदारीचा प्रश्न तुमच्यापर्यंत येतोच.

आरोग्य किंवा ‘ब्रेन’ या शब्दाचा कुठलाही धंदा असो, सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. मशीन नेमकं काय मोजतं? हाड, पाणी, रक्त, वीज, साखर, की फक्त बोटाची कातडी?

२. रिपोर्टवर सही कुणाची? त्या माणसाची नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे आहे?

३. रिपोर्ट बघून कुठल्या डॉक्टरचा कुठला निर्णय बदलतो?

४. हाच रिपोर्ट त्याच मुलाचा वेगळ्या नावाने दुसऱ्यांदा काढला तर तोच येतो का? आणि तो खरा निघाला हे स्वतंत्रपणे कुणी तपासलं?

५. रिपोर्ट चुकला तर लेखी जबाबदारी कुणाची?

पाचपैकी एकाचंही उत्तर “सर, मार्केटिंग टीम सांगेल” असं आलं, तर चहा प्या आणि घरी या. आणि घरात कुणाचं मन खरंच ठीक नसेल तर ठशांच्या मागे लागू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे. तिथे फोन करा किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

बरं, मग खरं स्कॅन सेंटर टाकायचं तर?

आधी गणित. खालचे आकडे फक्त हिशोब शिकायला घेतलेत, तुमचे आकडे कोटेशन घेऊन भरा.

समजा सीटीच्या कर्जाचा हप्ता महिना २,८०,००० रुपये. भाडं ६०,०००. स्टाफ १,२०,०००. वीज ६०,०००. मशीनचा देखभाल करार ८०,०००. एकूण झाले ६,००,०००. पेशंट आला नाही तरी हे जाणारच.

एका स्कॅनचे सरासरी २,५०० मिळाले. त्यातून रिपोर्टची फी, फिल्म, औषध असे ७०० गेले. उरले १,८००. आता ६,००,००० भागिले १,८०० म्हणजे ३३४ स्कॅन. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज १३. तेरा पेशंट झाले तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर आलात! चौदावा पेशंट तुमचा.

आता प्रश्न असा: खोपोली-खालापूरमधून रोज किती जण सीटीसाठी पनवेल, कामोठ्याला जातात? हा आकडा गुगल देणार नाही. हाडांचे डॉक्टर, फॅमिली डॉक्टर, कारखान्यांचे सेफ्टी ऑफिसर, अॅम्ब्युलन्सवाले यांच्याकडे महिनाभर फिरून वहीत लिहावा लागेल. आणि हिशोबात एक रकाना कधीच धरू नका: डॉक्टरांना द्यायचं कमिशन. पेशंट पाठवण्याबद्दल पैसे घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत निषिद्ध आहे. कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. ज्या धंद्याचं गणित कमिशनशिवाय जुळत नाही, ते गणितच चुकीचं.

परवानग्या तीन दिशांनी येतात. सीटी आणि एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. त्यांचं ऑफिस मुंबईत अणुशक्तिनगरला आहे आणि अर्ज ई-लोरा या पोर्टलवर होतात. खोलीचा नकाशा, भिंतीची जाडी, स्टाफचे डोस मोजणारे बॅज, सगळं त्यांच्या नियमात. सोनोग्राफीसाठी गर्भलिंग निदानविरोधी कायदा १९९४. या विषयावर कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. नोंदणीशिवाय मशीन घेता येत नाही, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो, आणि लिंग सांगितलं तर तुरुंग. इथे “एकदा चालतं” असं काही नाही. तिसरी दिशा माणसांची: मशीन तुमचं असू शकतं, रिपोर्ट मात्र रेडिओलॉजिस्टच देणार आणि मशीन चालवणार प्रशिक्षित टेक्निशियन.

मशीन न घेताही धंदा आहे

सगळ्यांनी सेंटरच टाकायला पाहिजे असं थोडीच आहे? जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये पेशंटसोबत आलेला तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने त्याला सिलिंडरसकट ओढलं आणि त्याचा जीव गेला. एमआरआयचा चुंबक रात्रंदिवस चालू असतो, पेशंट नसतानाही. म्हणून त्या खोलीत लोखंडी काहीही चालत नाही: ट्रॉली, व्हीलचेअर, सलाइन स्टँड, अग्निशामक, सगळं चुंबकाला न चिकटणारं लागतं. आपल्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांनो, ऐकताय ना? अॅल्युमिनियमची ट्रॉली बनवता येते. पण एक स्प्रिंग किंवा बेअरिंग लोखंडी राहिलं तरी घात होतो. चाचणी करून, लेबल लावून विकायची वस्तू आहे ती.

तसंच एसी आणि यूपीएसची देखभाल, शिसं लावलेले दरवाजे, म्हाताऱ्या पेशंटला घरून नेऊन परत आणणारी गाडी, रिपोर्ट सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर. कमी भांडवल आणि खरा ग्राहक. फक्त एक पथ्य: पेशंटचे रिपोर्ट ग्रुपवर फिरवायचे नाहीत. तो त्याचा खाजगी माल आहे.

मोठं स्वप्न बघायचं असेल तर उदाहरणं आपल्याकडचीच आहेत. पुण्याच्या कृष्णा डायग्नोस्टिक्सने सरकारी हॉस्पिटलांमध्ये भागीदारीतून मशीन बसवली, कमी दर आणि जास्त पेशंट हे गणित धरलं आणि २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. मुंबईच्या क्युअर डॉट एआयने २०१६ पासून छातीच्या एक्स-रेत टीबीची शंका ओळखणारं सॉफ्टवेअर बनवलं. शंका सॉफ्टवेअर दाखवतं, टीबी आहे की नाही ते डॉक्टर आणि पुढची तपासणी ठरवते. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सने १.५ टेस्लाचं एमआरआय मशीन देशात बनवलं, आणि ते बसलं आपल्या विदर्भात, चंद्रपूर कॅन्सर केअर फाउंडेशनकडे.

आणि ईएमआयचं काय झालं, विचारलंत का? सीटी शोधून काढणारी कंपनी, हाउन्सफील्डना १९७९ मध्ये नोबेलसुद्धा मिळालं. पण सर्व्हिस, विक्री आणि सुधारणा यात मोठ्या कंपन्या पुढे गेल्या आणि बाजारात उतरल्यापासून आठेक वर्षांत ईएमआयला हा धंदा सोडावा लागला. मशीन ज्याच्याकडे असतं तो टिकेलच असं नाही. मशीन बंद पडल्यावर जो दोन तासांत येतो, तो टिकतो.

या आठवड्याचा गृहपाठ

जो धंदा मनात आहे त्याचं एक पान करा. वर लिहा: माझं मशीन किंवा माझी सेवा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते? खाली लिहा: कुठल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही? दुसरा रकाना रिकामा राहिला तर अजून पैसे भरू नका. तो रकाना जो दुकानदार ग्राहकाला स्वतःहून वाचून दाखवतो, त्याच्याकडे लोक दुसऱ्यांदा येतात.

भेटू पुढच्या भागात. हिशोब मांडा, मग पाऊल टाका!